एक नोंदवही, दोन लेखण्या

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या दस्त नोंदणी नियमांतील एक तरतूद रद्द ठरविली. विक्रेत्याच्या नावाचा फेरफार झाल्याचा पुरावा जोडल्याखेरीज विक्रीच्या दस्ताची नोंदणी नाकारता यावी, अशा आशयाची ती तरतूद होती. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये तमिळनाडूचा याच जातकुळीचा एक नियम अवैध ठरला होता. दोन्ही निकालांमागील तत्त्व एकच आहे. नोंदणी अधिकारी हा दस्ताची नोंद करणारा अधिकारी आहे. मालकीचा निवाडा करणारा न्यायाधीश नव्हे. बिहारच्या निकालात मात्र न्यायालय एवढ्यावर थांबले नाही. जमीन विकत घेणे हा सामान्य माणसासाठी मनस्तापाचा व्यवहार होऊन बसला आहे, हे मान्य करून, नोंदणी आणि मालकी यांमधील अंतर ब्लॉकचेनसारख्या तंत्राने मिटविता येईल का, याचा विधी आयोगाने अभ्यास करावा, अशी सूचना त्याने केली.

संगणकाचे नाव निघाले की आपल्याकडे दोन टोकाच्या प्रतिक्रिया उमटतात. यंत्र आले म्हणजे भ्रष्टाचार संपला, असे एका पक्षाला वाटते. यंत्राने काही होणार नाही, माणूसच बदलला पाहिजे, असे दुसरा पक्ष म्हणतो. ज्या रोगावर औषध म्हणून संगणकाकडे पाहिले जात आहे, तो रोग खुद्द संगणकालाही जडलेला होता आणि आहे, ही गोष्ट दोघांच्याही ध्यानात येत नाही. संगणकशास्त्रात त्याला ‘रेस कंडिशन’, म्हणजे शर्यतीची स्थिती, असे नाव आहे. संगणकाच्या अगदी अंतर्भागात या रोगाशी गेली सहा दशके झुंज चालू आहे. त्या झुंजीतून जे शहाणपण हाती आले आहे, ते तलाठी कार्यालय आणि दुय्यम निबंधक कार्यालय यांच्या उपयोगी पडण्यासारखे आहे.

कोनच्या उताऱ्याचे उदाहरण

कल्याणला दुर्गाडी किल्ल्यापाशी खाडीवरचा पूल ओलांडला की भिवंडी तालुक्यातील कोन हे गाव लागते. जनगणनेच्या लेखी ते शहरी वस्तीत मोडते, परंतु तेथील जमिनीचा हिशेब अद्याप गावाच्या पद्धतीनेच, म्हणजे सातबारा आणि फेरफार यांवर चालतो. एका बाजूला कल्याणसारखे मोठे रेल्वे जंक्शन, दुसऱ्या बाजूला यंत्रमाग आणि गोदामे यांचे भिवंडी, मधून जाणारा वर्दळीचा रस्ता आणि ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या आराखड्यात कोनगावचे स्थानक. अशा ठिकाणी जमिनीला गिऱ्हाईक एकच असणे कठीण. म्हणून पुढील कल्पित उदाहरणासाठी कोन हे गाव सोयीचे आहे.

समजा, एका सर्व्हे नंबरच्या एका हिश्श्याचा मालक एकच आहे. सोमवारी एक खरेदीदार त्या हिश्श्याचा सातबारा पाहतो. नाव मालकाचे आहे, बोजा नाही. मंगळवारी दुसरा खरेदीदार तोच उतारा पाहतो. त्यालाही तेच दिसते. गुरुवारी मालक पहिल्याला खरेदीखत करून देतो आणि शुक्रवारी दुसऱ्याला. दोन्ही उतारे अस्सल होते. दोन्ही खरेदीदारांनी आपल्या परीने चौकशी केली होती. नोंदवहीत एक अक्षरही खोटे नव्हते. तरीही एकाचे आयुष्यभराचे साठविलेले पैसे बुडाले आहेत.

येथे विक्रेता लबाड आहे, हे उघड आहे. परंतु लबाड माणसे सर्वत्र असतात. ज्या व्यवस्थेत त्यांचा डाव साधतो, त्या व्यवस्थेत काहीतरी फट असलीच पाहिजे. ही फट नोंदीच्या खरेपणात नाही. ती पाहणे आणि लिहिणे या दोन क्रियांमधील काळात आहे. खरेदीदाराने जे पाहिले ते पाहण्याच्या क्षणी खरे होते. त्याने सही केली त्या क्षणी ते खरे उरले नव्हते. मधल्या काळात नोंदवहीवर दुसरी लेखणी चालू शकत होती, आणि चालली.

संगणकाच्या गाभ्यातील नोंदवही

संगणकाच्या बाबतीत हीच कथा एका सेकंदाच्या दशकोट्यंश भागात घडते. कोणत्याही संगणकाच्या किंवा मोबाइल फोनच्या पोटात एक ऑपरेटिंग सिस्टिम असते आणि तिच्या केंद्रस्थानी असलेल्या भागाला ‘कर्नल’, म्हणजे गाभा, म्हणतात. एकाच वेळी चालू असलेल्या शेकडो कार्यक्रमांचा कारभार हा गाभा पाहतो. त्यासाठी त्याला प्रत्येक चालू कार्यक्रमाची नोंद ठेवावी लागते. त्याचा क्रमांक काय, तो कोणाच्या नावाने चालला आहे, त्याला कोणते अधिकार आहेत, किती स्मृती दिली आहे, कोणत्या फायली त्याने उघडल्या आहेत, तो जागा आहे की झोपलेला, हे सारे त्या नोंदीत असते. गाव नमुना सात जसा जमिनीचा, तशी ही नोंद कार्यक्रमाची. आजच्या संगणकात चार, आठ, कधी शंभरावर प्रोसेसर या नोंदींवर एकाच वेळी काम करीत असतात. म्हणजे नोंदवही एक आणि लेखण्या अनेक.

आता एक साधी बेरीज पाहावी. एखादी फाइल किती कार्यक्रमांनी उघडली आहे, याचा आकडा गाभ्याच्या नोंदीत ५ असा आहे. दोन कार्यक्रम ती फाइल एकदमच उघडतात. पहिला प्रोसेसर ५ वाचतो. त्याने बेरीज करून लिहिण्यापूर्वीच दुसराही ५ वाचतो. पहिला ६ लिहितो, दुसराही ६ लिहितो. खरा आकडा ७ असावयास हवा होता. कोणाचीही बेरीज चुकली नाही, तरी हिशेब चुकला. पुढे यथावकाश सहा कार्यक्रम ती फाइल बंद करतात, आकडा शून्य होतो, ‘आता कोणी वापरीत नाही’ असे समजून गाभा ती नोंद मोडून टाकतो. सातवा कार्यक्रम मात्र अजून तिच्यावर विसंबून असतो.

दुसरा प्रकार याहून घातक आहे. एक कार्यक्रम संपतो, त्याचा क्रमांक मोकळा होतो आणि कालांतराने तोच क्रमांक नव्या कार्यक्रमाला मिळतो. तिकडे तिसऱ्याच कोणी तरी जुना क्रमांक लक्षात ठेवून त्या कार्यक्रमाला थांबविण्याचा हुकूम सोडलेला असतो. हुकूम पोहोचतो, पण भलत्याच्या दारी. चाळीतील खोली नंबर बारामधील भाडेकरू बदलला आणि जुन्या भाडेकरूवरील जप्तीची नोटीस नव्यावर बजावली गेली, असा हा प्रकार. लिनक्स या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत क्रमांकाऐवजी त्या विशिष्ट कार्यक्रमाशी बांधलेली खूण वापरून असा हुकूम सोडण्याची सोय २०१९ मध्ये झाली. लिनक्सचा जन्म १९९१ चा. रोग माहीत असूनही इलाजाला किती काळ लागतो, याची यावरून कल्पना येईल.

रेल्वेने शिकविलेला धडा

या प्रश्नाला शास्त्रीय रूप देण्याचे श्रेय मुख्यतः एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाकडे जाते. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी जो उपाय मांडला, त्याला त्यांनी ‘सेमाफोर’ असे नाव दिले. हा शब्द रेल्वेचा आहे. वर-खाली होणाऱ्या दांडीच्या सिग्नलला सेमाफोर म्हणतात. उसनवारी सार्थ होती, कारण एकाच रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत, हा प्रश्न रेल्वेने त्यापूर्वीच सोडविला होता. एकेरी मार्गावर दोन स्थानकांमधील टप्प्यात शिरण्यासाठी चालकाला टोकन घ्यावे लागे. दोन्ही स्थानकांवरील टोकनची यंत्रे विजेने एकमेकांशी अशी जखडलेली असत, की एक टोकन बाहेर काढले की ते परत यंत्रात पडेपर्यंत दुसरे निघतच नसे. स्टेशन मास्तर कितीही विसराळू असला किंवा चालक कितीही घाईत असला, तरी दोन टोकने एका टप्प्यात जाऊ शकत नसत.

या व्यवस्थेचे मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. ‘मार्ग मोकळा आहे काय’ हे पाहणे आणि ‘मार्ग माझा झाला’ असे जाहीर करणे या दोन गोष्टी तिने एका अविभाज्य क्रियेत बांधल्या. नुसते पाहून निघालेल्या चालकाला रेल्वेने कधीच परवानगी दिली नाही. संगणकाच्या गाभ्यातही हेच करतात. सामाईक नोंदीला हात लावण्यापूर्वी तिचे कुलूप हस्तगत करावयाचे, काम उरकावयाचे आणि कुलूप सोडावयाचे.

जेथे कुलूप लावणे परवडत नाही, तेथे दुसरी युक्ती आहे. आयबीएमच्या सिस्टिम/३७० या १९७० च्या दशकातील संगणकांत तिच्यासाठी स्वतंत्र आज्ञाच होती: ‘पूर्वी वाचलेले मूल्य अद्याप तेच असेल, तरच नवे मूल्य लिही, बदलले असेल, तर लिहू नको आणि तसे कळव.’ लिहिणाऱ्याला येथे थांबवून ठेवलेले नाही. मात्र शिळ्या माहितीवर लिहू दिलेलेही नाही. लिनक्समध्ये घड्याळाची वेळ वाचण्यासाठी अशीच एक पद्धत आहे. प्रत्येक बदलाबरोबर नोंदीचा अनुक्रमांक पुढे सरकतो. वाचणारा वाचण्यापूर्वी आणि वाचून झाल्यावर तो अनुक्रमांक पाहतो. दोन्ही वेळा तो सारखाच असेल तर वाचलेले खरे, नाही तर पुन्हा वाचावयाचे.

कुलपाची किंमत

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक शंका यावयास हवी. कुलूप फुकट मिळत नाही. त्याची किंमत प्रतीक्षेच्या रूपाने कोणीतरी मोजत असते. लिनक्सच्या इतिहासात याचा पुरावा आहे. १९९६ मध्ये एकाहून अधिक प्रोसेसर चालविण्याची सोय त्यात आली, तेव्हा सुरक्षिततेसाठी साऱ्या गाभ्याला मिळून एकच मोठे कुलूप बसविण्यात आले. चूक टळली, परंतु एक प्रोसेसर गाभ्यात असताना बाकीचे दाराशी तिष्ठत राहू लागले. तालुक्यातील एका सर्व्हे नंबरचा व्यवहार चालू आहे म्हणून साऱ्या तालुक्याची दप्तरे बंद ठेवावीत, तसे हे झाले. ते एक मोठे कुलूप फोडून त्याची शेकडो लहान कुलपे करण्याचे काम पुढे पंधरा वर्षे चालले आणि २०११ मध्ये त्याचा शेवटचा अवशेष काढून टाकण्यात आला.

लहान कुलपांचाही एक धोका असतो. एका कारकुनाच्या हाती शिक्का आहे आणि त्याला नोंदवही हवी आहे. दुसऱ्याच्या हाती नोंदवही आहे आणि त्याला शिक्का हवा आहे. दोघेही हातचे सोडावयास तयार नाहीत. काम कायमचे अडते. संगणकात अशी कोंडी टाळण्यासाठी नियम असतो, की कुलपे सर्वांनी एकाच ठराविक क्रमाने घ्यावयाची. ‘आधी फेरफार आणा, मग नोंदणी’ असे एका टेबलावर आणि ‘आधी नोंदणी आणा, मग फेरफार’ असे दुसऱ्या टेबलावर ज्याने ऐकले आहे, त्याला या नियमाचे महत्त्व पटवून देण्याची गरज नाही.

यावरही एक सुबक तोड निघाली आणि ती लिनक्समध्ये आणण्यात पॉल मॅकेनी यांच्याबरोबर दीपंकर सरमा या भारतीय अभियंत्याचा मोठा वाटा होता. २००२ मध्ये समाविष्ट झालेल्या या पद्धतीत वाचणाऱ्याला मुळीच थांबावे लागत नाही. लिहिणारा जुन्या नोंदीची नक्कल करतो, तीत दुरुस्ती करतो आणि एका क्षणात जुनीच्या जागी नवी नोंद प्रसिद्ध करतो. जुनी नोंद वाचीत असलेले सर्व वाचक बाजूला होईपर्यंत ती नष्ट केली जात नाही. या पद्धतीचा सारांश असा, की वाचणारे पुष्कळ आणि लिहिणारे थोडे असतील, तेथे प्रतीक्षेचा भार लिहिणाऱ्याने उचलावा. थांबावयाचे कोणी, हा प्रश्न तांत्रिक भासतो. वस्तुतः तो न्यायाचा प्रश्न आहे.

अपघात आणि डाव

अशा फटी फार अरुंद असतात, लाखात एखादे वेळी त्या नडतील, त्यांची एवढी चिंता कशाला, असा युक्तिवाद नेहमी होतो. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे, की लाखात एखादी वेळ येते आणि ती यावयाची तेव्हा भलत्या जागी येते. कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या थेरॅक-२५ या कॅनडात तयार झालेल्या यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणांचा मारा केला. त्यांपैकी किमान तिघे दगावले. यंत्र चालविणारी व्यक्ती सरावाने सफाईदार झाली, पडद्यावरील चूक चटकन दुरुस्त करू लागली आणि तिची दुरुस्ती व यंत्राची जुळणी यांच्यात शर्यत लागली. पडद्यावर एक आणि यंत्रात दुसरेच, अशी स्थिती झाली. आधीच्या यंत्रांत असलेला यांत्रिक अडसर या यंत्रातून काढून टाकण्यात आला होता. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत येथील सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले, तेव्हा ओहायोतील वीज नियंत्रण कक्षातील धोक्याची सूचना देणारी संगणक प्रणाली अशाच एका शर्यतीमुळे मुकी झाली होती. ती सदोष आहे, हे आधीच्या चाचण्यांत दिसले नव्हते. शर्यतीचा दोष चाचणीत सापडत नाही, कारण चाचणीत सहसा एकच लेखणी चालत असते.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. अपघाताने जे लाखात एकदा घडते, ते कोणी ठरवून घडवू लागला, तर हवे तेव्हा घडते. लिनक्सच्या गाभ्यात २००७ पासून अशी एक फट होती. केवळ वाचण्यासाठी खुल्या असलेल्या फाइलची नक्कल करून मग तीत लिहावयाचे, या दोन पायऱ्यांमध्ये ती होती. नेमका क्षण साधण्याचा प्रयत्न हजारो वेळा करीत राहिले, की नकलेऐवजी मूळ फाइलमध्येच लिहिता येई आणि साध्या वापरकर्त्याला सर्वाधिकार मिळत. २०१६ मध्ये ती उघडकीस आली आणि बुजविण्यात आली, पण तोवर जगातील असंख्य संगणकांत आणि फोनमध्ये ती नऊ वर्षे होती. जमिनीच्या व्यवहारातील दुहेरी विक्रीही अपघाताने होत नाही. फेरफार केव्हा सुटेल, उतारा किती दिवस जुनाच दिसेल, हे ज्याला नेमके ठाऊक आहे, तोच ती करतो. ही फट म्हणजे त्याचे भांडवल असते. तिच्यापासून मिळणारा लाभ एकाला होतो आणि तिची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, म्हणूनच ती आपोआप बुजत नाही.

पेन्सिलीची नोंद

येथे आपल्या जुन्या महसुली पद्धतीविषयी एक चांगला शब्द लिहिणे न्यायाचे होईल. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार फेरफाराची नोंद झाल्यावर ती चावडीवर लावावयाची, हितसंबंधितांना नोटीस द्यावयाची, हरकतीसाठी पंधरा दिवस द्यावयाचे, हरकत आली तर विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घ्यावयाची आणि मगच ती प्रमाणित करावयाची. हस्तलिखित उताऱ्यांच्या काळात या दरम्यान तलाठी मूळ नोंदीपाशी फेरफाराचा क्रमांक पेन्सिलीने लिहून ठेवी. प्रमाणित झाल्यावर शाई येई. ती पेन्सिलीची खूण म्हणजे कुलूपच होते. येथे एक लेखणी आधीच चालू आहे, दुसऱ्याने जपून पाऊल टाकावे, हे ती सांगत असे.

संगणकीकरणात ही खूण टिकली, ही समाधानाची गोष्ट आहे. आजच्या सातबारावर ‘प्रलंबित फेरफार’ आणि ‘शेवटचा फेरफार क्रमांक’ व त्याचा दिनांक छापलेला असतो. दस्ताची नोंदणी झाली, की ई-फेरफार व्यवस्थेत त्याची वर्दी तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्याच्याकडे, संगणकानेच जाते. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळू लागला आहे. परंतु या सुधारणांनी वाचणे जेवढे वेगवान केले, तेवढे लिहिणे बांधून घेतले नाही. खुणेचा आरंभ नोंदणीपासून होतो. साठेखत, इसार, बँकेचे कर्ज, मुद्रांक शुल्काची जुळवाजुळव या साऱ्या काळात उतारा कोरा आणि निष्पाप दिसत राहतो.

कायद्याने ही फट आणखी रुंद केली आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २३ प्रमाणे दस्त केल्यापासून चार महिन्यांपर्यंत तो नोंदणीसाठी सादर करता येतो. आणि कलम ४७ प्रमाणे नोंदणी झालेला दस्त नोंदणीच्या नव्हे, तर दस्त केल्याच्या वेळेपासून अंमलात आला असे मानले जाते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ४८ तर सांगते, की आधीचा व्यवहार नंतरच्यावर मात करतो. याचा अर्थ असा, की आज सही झालेला दस्त तीन महिने कपाटात राहून, दरम्यान दुसऱ्याने रीतसर नोंदविलेल्या खरेदीवर मात करू शकतो. नोंदवहीतील क्रम एक आणि कायद्याच्या दृष्टीने अंमलाचा क्रम दुसरा. संगणकाच्या गाभ्यात असे झाले, तर ती प्रणाली सदोष म्हणून तत्काळ मागे घ्यावी लागेल.

ब्लॉकचेनची मर्यादा

याच ठिकाणी ब्लॉकचेनची मर्यादाही दिसते. २००९ मध्ये बिटकॉइन अवतरले, ते मुळी दुहेरी खर्चाच्या प्रश्नावर तोडगा म्हणून. एकच नाणे दोघांना देता येऊ नये, ही त्यातील अट आणि एकच जमीन दोघांना विकता येऊ नये, ही अपेक्षा, यांत तत्त्वतः भेद नाही. साखळीत जे लिहिले जाईल त्याचा क्रम पक्का राहील आणि ते गुपचूप खोडता येणार नाही, हे खरे. परंतु दस्त साखळीबाहेर होणार असेल आणि कायदा साखळीच्या क्रमाला नव्हे तर कपाटातील कागदाच्या तारखेला मान देणार असेल, तर नवी नोंदवहीही जुन्या नोंदवहीइतकीच हतबल राहील. फट कोठे आहे, हे न पाहता भिंत उंच करण्यात हशील नाही.

तीन सूचना

गाभ्यातील अनुभव लक्षात घेता तीन गोष्टी सुचविता येतात. पहिली, खरेदीदाराने ज्या उताऱ्यावर विसंबून दस्त केला, त्याचा शेवटचा फेरफार क्रमांक दस्तातच लिहिणे बंधनकारक करावे. आणि नोंदणीच्या क्षणी संगणकाने तो चालू क्रमांकाशी ताडून पाहावा. क्रमांक बदललेला असेल किंवा फेरफार प्रलंबित असेल, तर नोंदणी थांबवून खरेदीदाराला तसे कळवावे आणि सर्व पाहूनही पुढे जावयाचे की नाही, हे त्याच्यावर सोडावे. यात नोंदणी अधिकारी मालकीचा निवाडा करीत नाही. तो दोन आकडे ताडतो. सर्वोच्च न्यायालयाने आखलेली मर्यादा त्यामुळे ओलांडली जात नाही.

दुसरी सूचना मुदतीच्या कुलपाची. इंग्लंडच्या जमीन नोंदणी खात्यात खरेदीदाराला अधिकृत शोधाबरोबर कामकाजाच्या ३० दिवसांचे संरक्षण मिळते. त्या मुदतीत त्याने आपला व्यवहार नोंदणीस आणला, तर मध्ये घुसलेली दुसरी नोंद त्याच्या आड येत नाही. मुदत संपली की कुलूप आपोआप उघडते. अशी सोय साठेखतापाशी उपलब्ध करून देता येईल. कुलूप फक्त त्या हिश्श्यापुरते असावे, साऱ्या सर्व्हे नंबरला नको. आणि ते विक्रेत्याच्या संमतीनेच लागावे, नाही तर खोटी कुलपे लावून अडवणूक करण्याचा नवा धंदा उभा राहील. उतारा पाहणाऱ्यांना मात्र कधीही थांबवू नये. त्यांना कुलपासकट सारे दिसावे.

तिसरी सूचना कायद्याच्या दुरुस्तीची. दोन व्यवहारांमधील अग्रक्रम दस्ताच्या नव्हे, नोंदीच्या क्रमाने ठरला पाहिजे. कायदे केंद्राचे असले, तरी दस्तांची नोंदणी हा विषय समवर्ती सूचीत आहे. १९३९ मध्ये मुंबई प्रांताने मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये स्वतःपुरती दुरुस्ती करून प्रलंबित दाव्याची सूचना नोंदविण्याची पद्धत घातली होती. जे त्या सरकारला साधले, ते आज अशक्य असण्याचे कारण नाही.

या उपायांनी सारे दुखणे बरे होईल, असा दावा कोणी करणार नाही. वर्षानुवर्षे न लागलेल्या वारस नोंदी, आजोबांच्या नावावर राहिलेले उतारे, कागदावर एक आणि बांधावर दुसरेच असलेले क्षेत्र, यांना आकडे ताडून काही होणार नाही. कामाचा वेग थोडा मंदावेल, हा आक्षेपही खोटा नाही. परंतु प्रतीक्षा आजही आहेच. आज ती फसलेला खरेदीदार दिवाणी न्यायालयाच्या व्हरांड्यात वर्षानुवर्षे करीत असतो; तिच्याऐवजी विक्रेता आणि खरेदीदार यांनी दुय्यम निबंधकाच्या दाराशी काही मिनिटे थांबणे, हा सौदा समाजाच्या फायद्याचा आहे.

ज्याच्यापाशी वकील आहे, ओळख आहे आणि दररोज उतारा काढून पाहण्याची सवड आहे, त्याला या फटीचे फारसे भय नाही. तिची झळ लागते ती भविष्य निर्वाह निधी मोडून एखादा गुंठा किंवा एखादे घर घेणाऱ्या शिक्षकाला आणि कारकुनाला. त्याने पाहिलेला उतारा खरा होता, एवढे सांगून शासनाला हात झटकता येणार नाहीत. सही करतानाही तो खरा असेल, याची हमी ज्या दिवशी मिळेल, त्या दिवशी नोंदवहीचे संगणकीकरण पूर्ण झाले असे म्हणता येईल.